बरिस्ताचा कोर्स झालाय, आता परदेशात कॉफी शॉप काढू का?

तुम्ही विचारलंय, बरिस्ताचा, म्हणजे यंत्रावर कॉफी बनवण्याचा, कोर्स झालाय, पैसेही साठलेत, तर पोहोचल्याबरोबर छोटं दुकान काढावं का. मी तसंच केलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

कॉफी चांगली जमायलाच हवी, पण ती शिकता येते. 18 ग्रॅम पूड, त्यातून 36 ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो (यंत्रातून दाबानं काढलेली दाट कॉफी), 25 ते 30 सेकंदांत. हवा बदलली की दळण, म्हणजे पूड किती बारीक, ते बदलायचं. सरावानं हात बसतो. माझं अडलं ते हिशेबात. किलोभर बियांत 55 डबल शॉट (18 ग्रॅम पुडीचा एक) निघतात, दळण जुळवताना वाया जाणारे वजा केले तर 50 धरा. बिया, दूध, कप यांचा खर्च मला तोंडपाठ होता आणि दर कपामागे बरेच पैसे सुटतात असं वाटायचं. त्या सुटलेल्या पैशांत भाडं, पगार, वीज, विमा भागायला महिन्याला किती कप विकले पाहिजेत, हे मात्र मी दुकान उघडल्यावर मांडलं. समजा 6,000 कप लागतात. 26 दिवस दुकान चाललं तर रोज 230. त्यातलं निम्मं गिऱ्हाईक सकाळच्या दोन तासांत येणार, म्हणजे जवळपास मिनिटाला एक कप, आणि पैसे घेणारा वेगळा माणूस नाही! लांब रांग दिसली की लोक पुढे निघून जातात. मी फक्त त्या दोन तासांसाठी दुसरा माणूस ठेवला, दुधाचा फ्रिज यंत्राच्या अगदी हाताशी आणला, तेव्हा कुठे ताळमेळ बसला.

भाडेकरारावर सही करण्याआधी तो तिथल्या वकिलाकडून वाचून घ्या. मुदतीआधी सोडता येतो का, भाडं कसं वाढणार, दुरुस्ती कोणाकडे, तुमची वैयक्तिक हमी मागितलीय का? मी दुरुस्तीचं कलम नीट वाचलं नाही आणि पाण्याच्या पाइपचा खर्च माझ्या गळ्यात पडला. तुमच्या व्हिसावर स्वतःचा धंदा करता येतो का, हे तर सगळ्यात आधी बघा.

माझं ऐकाल तर निदान सहा महिने दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करा. यंत्रापाशी उभं राहण्यापेक्षा माल मागवणं आणि रात्रीचा गल्ला मोजणं मागून घ्या. कोणत्या वारी दूध उरतं, नेहमीचं गिऱ्हाईक का तुटतं, हे तिथेच कळतं. सजावटीवर सगळं भांडवल घालू नका. सहा महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला राहू द्या.

व्हिसा कोणता आहे आणि भाडं किती सांगतायत ते कळवा, रोजच्या कपांचा आकडा आपण मिळून काढू.