एचआयव्ही आहे म्हणून हृदयाचा पंप नाकारायचा?

प्रश्न : माझा भाऊ 46 वर्षांचा आहे. एचआयव्हीची औषधं बरीच वर्षं न चुकता घेतोय, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) तपासणीत सापडत नाही. हृदय मात्र फार कमजोर झालंय. चार पावलं चालला की धाप लागते, सारखं ॲडमिट करावं लागतं. हृदयाला मदत करणाऱ्या पंपाबद्दल विचारलं, तर ‘एचआयव्ही आहे, जमणार नाही’ एवढंच ऐकायला मिळालं. हे खरं आहे का? आणि पंप बसलाच तर ड्रेसिंग मीच करणार. त्यात मला धोका किती?

उत्तर : ताई, नुसतं एचआयव्ही आहे म्हणून ‘नाही’ म्हणणं चूक आहे. असं उत्तर घेऊन परत गेलेले रुग्ण मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग आलाय. हृदय आणि फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2016 सालीच सांगितलंय की औषधं नियमित चालू असतील, विषाणू सापडत नसेल, सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) 200 च्या वर असेल आणि दुसरा जंतुसंसर्ग नसेल, तर अशा रुग्णाचा प्रत्यारोपणासाठीही विचार करता येतो. एचआयव्ही असताना पंप बसवलेले रुग्ण अजून थोडेच आहेत, पण विषाणू आटोक्यात असेल तर ते इतरांपेक्षा फार मागे पडलेले दिसत नाहीत.

नकार द्यायचाच तर कारण दुसरं हवं. हा पंप, म्हणजे एलव्हॅड, फक्त हृदयाच्या डाव्या कप्प्याचं काम उचलतो. उजवा कप्पाही थकलेला असेल, किडनी किंवा लिव्हर बिघडलेलं असेल, तर डॉक्टर खरोखर अडतात. तेव्हा दुसऱ्या केंद्रात जाल तेव्हा ‘उजवी बाजू कशी आहे?’ हे आधी विचारा.

मला जास्त काळजी औषधांची वाटते. पंपात रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन रोज घ्यावं लागतं आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) साधारण 2 ते 3 मध्ये ठेवतात. रिटोनाव्हिर, इफाव्हिरेन्झ ही एचआयव्हीची औषधं वॉरफरिनचा असर वर-खाली करतात. डोल्यूटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्याच औषधाचा तसा त्रास फारसा नाही. मात्र पोट रिकामं असेल तर ती गोळी लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यायची, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. ऑपरेशननंतर वॉर्डात सगळ्या गोळ्या एकाच वाटीत येतात, तिथे नेमकी ही गफलत होते. भावाच्या सगळ्या औषधांची यादी करून एचआयव्हीच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, बदलायची झालीच तर शक्यतो ऑपरेशनच्या आधी बदलावी. आणि कुणीही सांगितलं तरी एचआयव्हीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका.

आता ड्रेसिंग. पंपाची वायर पोटाच्या त्वचेतून बाहेर येते आणि कमरेच्या कंट्रोलरला जोडलेली असते. जंतू शिरतात ते त्या भोकातूनच. म्हणून मास्क लावायचा, हात धुवायचे, जुनं ड्रेसिंग काढायचं, मग पुन्हा हात धुऊन निर्जंतुक ग्लोव्ह्ज घालायचे. लाली, पू, वाढलेलं दुखणं दिसलं की त्याच दिवशी फोन करायचा. वायर पट्ट्याने पोटाला घट्ट बसवलेली हवी. कंट्रोलर टेबलावर ठेवून माणूस तसाच उठतो, वायरला हिसका बसतो आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडते.

तुम्हाला धोका? विषाणू सापडत नसताना धडधाकट त्वचेला रक्त लागल्याने एचआयव्ही होत नाही. हाताला कापलेलं असेल तर ते आधी झाकून घ्या, ग्लोव्ह्ज घालाच. या ड्रेसिंगमध्ये तुमच्यापेक्षा तुमच्या भावाला जपायचं असतं. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी करू द्या, आणि ती व्यक्ती आत्ताच तुमच्यासोबत शिकून घेईल असं बघा.