खाणीच्या भरवशावर किती राहावे?

प्रिय मित्रा,

आयटीआयला जावे की वडिलांच्या नावावर कर्ज काढून टिप्पर घ्यावा, एवढेच तू विचारले आहेस. पण सुरजागडची लोहखनिजाची खाण आपल्या गडचिरोलीतल्या एटापल्लीला काय देऊ शकते आणि काय नाही, हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जमेची बाजू. आपल्याकडे खरिपाचा एक धान, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्त्याचे थोडे आठवडे एवढ्यावर वर्ष काढायचे. बाकीच्या दिवसांत मिरची तोडायला तेलंगणात जायचे. अशा मुलखात दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यावर पडणारा पगार ही फार मोठी गोष्ट आहे. त्या पगारावर किराणा चालतो, गॅरेज उघडते, पोरांची फी भरली जाते. खाणीला नावे ठेवणारे हे विसरतात.

आता उण्याची बाजू. इथे धंदा एक, माल एक आणि तो घेणाराही जवळपास एकच. लोखंडाचा भाव आपण ठरवत नाही. २०१६ च्या डिसेंबरात याच डोंगरावर पाऊणशेच्या वर वाहने जाळली गेली आणि काम थांबले ते २०२१ पर्यंत नीट सुरू झाले नाही. कोर्टाचा निकालही तेवढेच करू शकतो. गोव्यात २०१२ मध्ये खाणकाम थांबले, पुढे मर्यादा घालून सुरू झाले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे (म्हणजे खाणीसाठी दिलेल्या जमिनीच्या करारांचे) नूतनीकरण रद्द केल्याने मार्चमध्ये पुन्हा बंद पडले. डिचोली, सत्तरी, सांगेच्या ज्या घरांनी कर्जावर ट्रक घेतले होते, त्यांचे ट्रक दारात उभे राहिले. हप्ता मात्र थांबला नाही.

टिप्परचे गणित करताना एका फेरीचा दर विचारू नकोस. महिन्याला खात्रीच्या फेऱ्या किती, ते विचार आणि लेखी घे. दिवस जातो तो रस्त्यावर कमी आणि भरण्याच्या रांगेत, वजनकाट्यावर, खाली करताना जास्त. पावसाळ्यात बारीक माल ओला होऊन डाल्याला चिकटतो, रस्ते खचतात, फेऱ्या कमी होतात. करारात चार गोष्टी बघ: डिझेल वाढले तर दर वाढतो का, पैसे किती दिवसांनी मिळतात, वजन ओल्या मालाचे धरतात की सुक्या, आणि गाडी अडकून पडली तर भुर्दंड कोणाचा. मग ठरलेल्या फेऱ्यांच्या निम्म्या धरून हिशेब मांड. त्यातून डिझेल, चालक, विमा, टायर आणि हप्ता निघत नसेल, तर गाडी घेऊ नकोस. ती तूट जास्त माल भरून काढायला गेलास, तर स्प्रिंगचे पाटे तुटतात, टायर फुटतो आणि अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते.

टिप्परच्या विरुद्ध आणखी एक कारण आहे. खाणीजवळच्या हेडरीहून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन टाकली गेली आहे. खनिज बारीक दळायचे, पाण्यात मिसळायचे, पंपाने ढकलायचे आणि पलीकडे पाणी काढून त्याच्या पेलेट, म्हणजे गोळ्या, करायच्या. जो माल पाइपातून जाईल, त्याला टिप्पर लागणार नाही. धूळ आणि अपघात कमी होतील, हे आपल्या गावांसाठी चांगलेच आहे. पण पाच वर्षांचे कर्ज काढणाऱ्याने हे आधी बघावे.

म्हणून माझे मत आयटीआयच्या बाजूने आहे. ट्रेड असा निवड, की खाण उद्या बंद पडली तरी चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यात किंवा कोळसा खाणीत काम मिळेल: फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक. पाइपलाइनचेच घे. स्लरीतले कण घासून पंपाचे इंपेलर (फिरणारे पाते) आणि लायनर (आतले अस्तर) झिजवतात, पाइपाची वळणे आतून पातळ होतात, आणि प्रवाह मध्येच थांबला तर कण तळाशी बसून लाइन चोंदते. जाडी मोजणारा, लायनर बदलणारा, पंपाचा आवाज ओळखणारा माणूस तिथे रोज लागतो. नुसत्या मदतनिसाला काढणे सोपे असते, त्याला नाही. पुढे शिकायचे असेल तर नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात खाणकामाची पदविका आहे. मेट (मजुरांवर देखरेख करणारा), ब्लास्टर (सुरुंग उडवणारा), फोरमन या कामांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते देशभर चालते.

इथला दगड एकदा हातात घेऊन बघ. चांगले हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचे खनिज, गर्द, जड असते. कमी प्रतीच्या दगडात लाल-काळसर पट्ट्यांच्या मधोमध फिकट पट्टे दिसतात. ते क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका. ड्रिलिंगला, क्रशरला तीच धूळ उडते आणि बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतात. सिलिकोसिस बरा होत नाही. तोंडाला गमछा बांधून हे कण अडत नाहीत. कणांसाठी बनवलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्कच लागतो. कोरडे ड्रिलिंग चालू असेल तर पाणी मारायला सांग. भरतीच्या वेळी छातीचा एक्स-रे, श्वासाची आणि कानाची तपासणी होते, त्याची प्रत घरी ठेव. ठेकेदार बदलला की कागद हरवतात, आणि पुढे नुकसानभरपाई मागताना तोच कागद लागतो.

गावाच्या हक्काचा पैसाही समजून घे, कारण यात तुझ्यासारखी हिशेब येणारी पोरे लागतात. लोहखनिजावर रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याबद्दल सरकारला द्यायची रक्कम, १५ टक्के असते. ती नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोने जाहीर केलेल्या सरासरी विक्री किमतीवर, प्रतीनुसार लागते. जानेवारी २०१५ च्या आधीच्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या आणखी ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, म्हणजे खाणबाधित गावांसाठीच्या निधीत, जमा होते. समज, टनाला किंमत ४,००० रुपये धरली. रॉयल्टी ६०० आणि प्रतिष्ठानाचे १८० रुपये. वर्षाला एक कोटी टन निघाले, तर १८० कोटी. यातला निदान ७० टक्के खर्च पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य अशा कामांवर व्हायला हवा. अनुसूचित क्षेत्रात त्या कामांच्या आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते आणि वर्षाअखेर ग्रामसभेपुढे अहवाल ठेवावा लागतो. ग्रामसभेत तीन कागद माग: बाधित गावांची यादी, मंजूर कामांची यादी आणि गेल्या वर्षीचा खर्च. ठराव तारखेसह लिहून घे, तोंडी होकार पुढे कोणी मानत नाही.

घरचा तेंदू आणि मोह सोडू नका. धानोऱ्याकडच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून पुढे बांबू स्वतः विकला, हे तुला ठाऊक आहेच. मे महिन्यात आईने आणि बहिणीने सत्तर पानांचे पुडे बांधले, तर ते पैसे खाणीच्या भावावर अवलंबून नसतात. तुझ्या पहिल्या पगारातून शेताला विहीर किंवा बोअर करता आला, तर कॅन्टीनला उन्हाळी भाजी देता येईल. आज त्यातली बरीच भाजी चंद्रपूरकडून येते. मात्र कॅन्टीनला रोज ठरलेले वजन लागते, एक दिवस जास्त आणि दोन दिवस काहीच नाही असे चालत नाही. म्हणून चार-पाच घरांनी मिळून करा.

आयटीआयचे अर्ज उन्हाळ्याअखेर सुटतात. जातीचा दाखला, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव. पाऊस लागला की नाल्यांना पूर येऊन तहसीलचा रस्ता बंद होतो आणि तारीख निघून जाते. ट्रेड ठरला की कळव, कोणत्या केंद्रात यंत्रे खरोखर चालू आहेत ते मी विचारून ठेवतो.

तुझा हितचिंतक