कंपूबाजी कळली, आता सोडवत नाही आणि राहवतही नाही

'मी एका ऑनलाइन प्रकल्पात कितीतरी वर्षं फुकट काम करतोय, आता कळलंय की सगळं चार-पाच जुन्या लोकांच्या हातात आहे, मन उडालंय पण सोडवतही नाही, माझंच काही चुकतंय का?' या अर्थाचा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे इतक्यांदा येतो की एकदा नीट लिहायचंच ठरवलं. एका बाईची केस सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलून.

ती अकाउंट्समध्ये काम करणारी, चाळिशीच्या आसपासची. विकिपीडियासारख्या, कुणीही लिहू शकेल अशा एका मुक्त ज्ञानकोशावर साडेचार वर्षं लेख लिहायची, दुसऱ्यांचे दुरुस्त करायची, रोज रात्री घरातलं सगळं आवरलं की दहा ते बारा. पहिल्या भेटीला आली तीच एक जाड फाईल घेऊन. लेखांच्या इतिहासाचे प्रिंटआउट, त्यावर पिवळा हायलायटर, कडेला तारखा आणि वेळा. बसायच्या आधीच म्हणाली, मॅडम आधी हे वाचा आणि मला सांगा मी वेडी झालीये का.

झालं असं होतं की लेखांच्या वर्गवारीत मोठा बदल करायचा होता. चर्चापानावर चर्चा सुरू झाली, सगळ्यांनी मत द्या असं आवाहन झालं, हिने तीन आठवडे जीव ओतून लिहिलं, संदर्भ काढले, जे विरोधात होते त्यांच्याशीही नीट बोलली. मग एका प्रचालकाने, म्हणजे जादा अधिकार असलेल्या सदस्याने, एका ओळीत चर्चा बंद केली, 'सहमती झाली आहे, बदल करत आहोत.' वाईट वाटलं, पण तिने ते मान्य केलं होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. दोन महिन्यांनी कुणीतरी तिला एका खासगी ग्रुपचा स्क्रीनशॉट पाठवला. ग्रुपमध्ये सहा जण, आणि त्यातला एक मेसेज, 'ठरलं तर मग, टाकू चर्चेला, होऊ दे चार दिवस.' तारीख चर्चा सुरू व्हायच्या दोन दिवस आधीची. त्या तारखेभोवती तिने पेनाने इतक्यांदा गोल केला होता की कागद फाटायला आला होता.

घरचे म्हणत होते फुकटचं तर काम आहे, सोडून दे. मीसुद्धा पहिल्याच भेटीत थोडा ब्रेक घेऊन बघा असं म्हणून गेले आणि ती एकदम गप्प झाली. ते माझं चुकलं. तिला दमल्याचं दुःख नव्हतं, फसवलं गेल्याचं होतं, आणि फसवलं गेलेल्या माणसाला विश्रांती घे म्हणणं म्हणजे तू जास्तच मनाला लावून घेतेस असं म्हणण्यासारखंच आहे.

फुकट आहे म्हणूनच तर जास्त लागतं. नोकरीत अन्याय झाला तरी महिन्याच्या शेवटी पगार येतो, कुठेतरी हिशोब जुळतो. इथे मोबदला एकच असतो, की आपलं म्हणणं कुणीतरी खरंच ऐकून घेतं. तो मोबदलाच खोटा निघाला तर माणूस मागची सगळी वर्षं परत मोजायला बसतो, ती फाईल म्हणजे तेच होतं. न्यायाच्या मानसशास्त्रात १९७० च्या दशकापासून यावर बरंच काम झालंय, आणि त्याचा गाभा हाच की निकाल विरोधात गेला तरी पद्धत प्रामाणिक वाटली तर माणसं तो बऱ्यापैकी पचवतात. तिने पचवलाच होता की!

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बर्नआउटबद्दल बोललो. क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञांनी त्याची तीन लक्षणं सांगितली आहेत, थकवा, माणसांबद्दल आणि कामाबद्दल तुटकपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. तिच्यात पहिली दोन भरपूर होती. तिसरीबद्दल मी तिला तिच्याच फाईलमध्ये शोधायला लावलं, तर निम्मी पानं तिच्या टिकून राहिलेल्या कामाची निघाली. राजकारण वर्गवारीपुरतं होतं, लेख तसेच उभे होते.

मग तिला एक अवघड काम दिलं. त्या सहा जणांबद्दल तिला नक्की काय माहीत आहे ते लिहायचं, अंदाज नाही, फक्त माहीत असलेलं. वेळ लागला, चिडलीसुद्धा माझ्यावर. पण लिहिता लिहिता दिसलं की त्यातले दोघं जण वर्षानुवर्षं रात्री जागून स्पॅम साफ करणारे, ग्रुप त्यासाठीच निघालेला. कंपू बऱ्याचदा असाच तयार होतो, कारस्थानातून नाही तर एकत्र राबल्यातून, आणि मग हळूहळू तिथेच निर्णय व्हायला लागतात कारण तिथे बोलणं सोपं जातं. जो फ्रीमन या अमेरिकन स्त्रीवादी लेखिकेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच महिलांच्या गटांबद्दल हे मांडलं होतं, की आमच्यात कुणी वरचं-खालचं नाही असं म्हणणाऱ्या गटातही उतरंड असतेच, फक्त ती दिसत नाही म्हणून तिला जाब विचारता येत नाही. याने त्या सहा जणांचं वागणं योग्य ठरत नाही, मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. जे झालं ते चूकच होतं.

आणि हे फक्त तिच्याच प्रकल्पात नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ च्या सुमाराला सगळ्यात जास्त होती, नंतर ती बरीच वर्षं घसरत गेली, आणि २०१३ साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं की चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांची संपादनं पटापट उलटवली, म्हणजे रद्द केली, जात होती आणि तीच माणसं परत येत नव्हती. वर बसलेलेही सुटत नाहीत, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा ज्यांनी बनवली ते गिडो व्हॅन रॉसम २०१८ मध्ये एका प्रस्तावावरच्या कडवट वादानंतर निर्णय घेणाऱ्याच्या जागेवरून बाजूला झाले. हे ऐकून ती पहिल्यांदाच खुर्चीत जरा मागे टेकून बसली.

तिने अकरा पानी आरोपपत्र लिहून तयार ठेवलं होतं. पाठवू नका असं मी म्हटलं नाही, एवढंच विचारलं की हे वाचून त्यांनी नक्की काय करावं असं तुम्हाला वाटतं. दोन भेटी त्यात गेल्या. शेवटी चार ओळी उरल्या, निर्णय कधी आणि कुठे झाला ते चर्चापानावर लिहा, आणि पुढे खासगी ग्रुपमध्ये काही ठरलं तर ते आधी जाहीर करा. ते तिने पाठवलं. वर्गवारी बदलली नाही. एका प्रचालकाने खासगीत माफी मागितली, दुसऱ्याने 'उगाच वाद उकरू नका' म्हणून सुनावलं, बाकीचे गप्प. पण चर्चापानावर दोन अनोळखी सदस्यांनी खाली लिहिलं, आम्हालाही हेच विचारायचं होतं.

सोडू की नको याचं उत्तर मी देत नाही, कुणालाच देत नाही. फक्त ते रात्री बारा वाजता, नुकताच एखादा मेसेज वाचून ठरवू नका एवढं सांगते. झोप उडाली असेल, पहाटे उठून फोन बघत असाल, घरच्यांवर विनाकारण ओरडत असाल तर आधी ते बघा, प्रकल्प कुठे पळून जात नाही.

तिने दोन महिने लॉगिन केलं नाही. मग निरीक्षणसूची, म्हणजे लक्ष ठेवायच्या लेखांची यादी, बंद करून फक्त एका लेखावर काम सुरू केलं, कौल आणि वाद यात अजून पडत नाही. मागच्या भेटीत म्हणाली, चर्चा बंद करणाऱ्या त्या प्रचालकाचं सदस्यनाव दिसलं की छातीत अजून धडधडतं, पण लेख लिहिताना ते आठवत नाही. फाईल अजून माझ्या कपाटात आहे, सध्या इथेच राहू दे म्हणाली. पुढची भेट दोन महिन्यांनी ठेवली आहे.