पट्टेदार : मालक की भाडेकरू?

गेवराई तालुक्यातल्या एका वाचकानं विचारलंय : "1954-55 च्या खासरा पत्रकात (गावच्या जमिनींच्या जुन्या नोंदवहीत) आजोबांचं नाव 'पट्टेदार' म्हणून आहे. पुण्याचे पाहुणे म्हणतात, पट्टेदार म्हणजे भाडेपट्ट्यानं जमीन घेणारा. मग जमीन आमची नव्हतीच का? शिवाय दुसऱ्या एका सर्व्हे नंबरात चुलत आजोबांना 'शिकमीदार' लावलंय. तो काय प्रकार?"

पाहुण्यांचं ऐकून घाबरू नका. शासनाच्या आजच्या मराठीत पट्टा देणारा तो पट्टाकार आणि घेणारा तो पट्टेदार, हे खरंच आहे. सातबाऱ्याच्या नमुन्यातला 'सरकारी पट्टेदार'सुद्धा सरकारची जमीन भाडेपट्ट्यानं धरणाराच. पण 1954 साली गेवराई हैदराबाद राज्यात होती. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तो 1 नोव्हेंबर 1956 रोजी. निजामाची राजवट 1948 मध्येच संपली, तरी महसुलाचा कायदा जुनाच चालू होता : हैदराबाद जमीन महसूल कायदा, 1317 फसली. (फसली या महसुली सनात 590 मिळवले की इसवी सन ढोबळमानानं निघतो, म्हणजे हा 1907-08 चा.)

त्या कायद्यात पट्टेदार म्हणजे जमिनीच्या साऱ्याला सरकारशी थेट बांधलेला आणि तसं दप्तरात नाव लागलेला माणूस. जमीन तो स्वतः कसो की शिकमीदारामार्फत कसवून घेवो, पट्टेदार तोच. गावच्या भाषेत ज्याला आपण जमीनवाला म्हणतो तो हाच. देगलूर-बिलोलीकडच्या लोकांना हे वेगळं सांगावं लागणार नाही. त्यांच्या तेलंगणातल्या सोयऱ्यांकडं आजही जमिनीचं 'पट्टादार पासबुक' असतं, आणि ते मालकालाच मिळतं. पट्टा म्हणजे नावावर करून दिल्याचा कागद, हा अर्थ तिकडं टिकला. आपल्याकडं शासकीय परिभाषेनं तो भाड्याच्या करारापुरता ठेवला. (कचेरीतल्या पट्टेवाल्याचा पट्टा या दोन्हींहून निराळा, तो कमरेचा.)

आता शिकमीदार. हा शब्द मला फार आवडतो. फारसीत 'शिकम' म्हणजे पोट. मराठीत आपण पोटहिस्सा, पोटकूळ म्हणतो त्याच जातीचा हा शब्द. पट्टा एकाच्या नावावर, सारा त्याच्या नावानं भरला जातो, पण जमिनीत पट्टेदारासारखाच हक्क असलेला किंवा मुळापासून त्याच्याबरोबर कब्जात असलेला दुसरा माणूस, तो शिकमीदार. थोरल्या भावाच्या नावावर पट्टा आणि धाकटा शिकमीदार, अशा नोंदी त्यामुळंच दिसतात. तुमच्या चुलत आजोबांचं असंच असेल तर ते भाडेकरू नव्हते, हिस्सेदार होते.

मात्र कागद नीट वाचा. 'शिकमीदार' आणि 'असामी शिकमी' ह्या दोन वेगळ्या चिजा आहेत, आणि घाईत नक्कल वाचणारे त्यांना एका दावणीला बांधतात. पट्टेदाराकडून किंवा शिकमीदाराकडून जमीन घेऊन कसणारा, म्हणजे आपल्या बोलीतलं कूळ, तो असामी शिकमी. बोलण्यात आपण 'बडी असामी' म्हणतो. महसुलाच्या दप्तरात असामी बडी बिडी काही नसते. या असामी शिकमींसाठी निजामाच्याच काळात 1354 फसलीचा वेगळा कायदा झाला, आणि मग 1950 चा हैदराबाद कूळ कायदा आला. जुन्या कागदांत 'संरक्षित कूळ' असा शेरा दिसतो तो या 1950 च्या कायद्यातला. तो शेरा तुमच्या कागदावर असेल तर प्रश्न वेगळा, आणि तो वकिलालाच विचारलेला बरा.

खासरा पत्रकात पट्टेदाराचं नाव आणि प्रत्यक्ष कब्जा कुणाचा हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. दोन्हीकडं एकच नाव असेल तर बाब सरळ आहे. सातबारा आल्यावर पट्टेदाराची जागा 'भोगवटादारा'नं घेतली. हाही कानाला मालक वाटत नाही, नुसता भोगणारा वाटतो. पण वर्ग 1 चा भोगवटादार जमीन बेलाशक विकू शकतो, वर्ग 2 च्या जमिनीला हस्तांतराचे निर्बंध असतात. अर्थात महसुली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात इतकंच. मालकीचा वाद शेवटी दिवाणी कोर्टातच सुटतो.

एक करा. प्रकरणात ही नक्कल लावणार असाल आणि मूळ कागद उर्दूत असेल, तर भाषांतर करणाऱ्याला 'पट्टेदार' हा शब्द जसाच्या तसा ठेवायला सांगा. 'भाडेपट्टाधारक' असं सुधारून दिलं, तर समोरचा वकील पहिल्याच पेशीला तो शब्द उचलेल.