तिसऱ्या आठवड्यातली चूक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. इन्व्हेस्टमेंट बँकेतल्या दहा आठवड्यांच्या इंटर्नशिपचे तीन आठवडे सरले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसावे लागते आणि जिवाचे रान करून तयार केलेली पाने बैठकीत कोणी उलटूनही पाहत नाही, हे सारे तू सविस्तर लिहिले आहेस. मग अगदी शेवटी, जाता जाता, दीड ओळीत असे की तुलनात्मक मूल्यांकनाच्या, म्हणजे सारख्या कंपन्यांवरून एखादीची किंमत ठरवण्याच्या, तक्त्यात एका कंपनीचे कर्ज तू एकत्रित (उपकंपन्यांसह) ताळेबंदाऐवजी स्वतंत्र (फक्त मूळ कंपनीच्या) ताळेबंदावरून घेतले, ते परवा तुझ्या लक्षात आले आणि अजून तू कोणाला सांगितलेले नाहीस. माझ्या लेखी तुझे खरे पत्र ती दीड ओळच आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

चूक किती मोठी आहे हे प्रथम मोजून पाहा. समज, त्या कंपनीचे बाजारमूल्य ८०० कोटी आहे आणि उपकंपन्या धरून निव्वळ कर्ज, म्हणजे हातातली रोकड वजा जाता उरणारे कर्ज, ४०० कोटी. म्हणजे एंटरप्राइज व्हॅल्यू, अर्थात कर्जासह साऱ्या व्यवसायाची किंमत, १२०० झाली. उपकंपन्यांसह एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा) १२० असेल, तर मूल्यांकनाचा पट, म्हणजे किंमत या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, १० येतो. आता कर्ज फक्त मूळ कंपनीचे, म्हणजे १०० घेतले, तर तीच व्हॅल्यू ९०० होते आणि पट साडेसातवर उतरतो. उपकंपन्यांचा नफा तू हिशेबात धरलास, त्यांचे कर्ज मात्र बाहेर ठेवलेस. त्यामुळे ती कंपनी आहे त्यापेक्षा स्वस्त दिसली आणि तिच्याशी तुलना करून ज्या कंपनीची किंमत सांगायची, तीही स्वस्त ठरण्याचा धोका निर्माण झाला. तक्त्यात आठ-दहा कंपन्या असतील आणि निष्कर्ष मध्यकावर (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यावर) बेतलेला असेल, तर कदाचित शेवटचा आकडा जागचा हलणारही नाही. तरीही सांगायचेच आहे, कारण उद्या तोच तक्ता कोणीतरी दुसऱ्या कामासाठी उचलेल आणि तेव्हा सरासरी घेईल.

सांगण्याची एक रीत आहे. ज्या ॲनालिस्टच्या हाताखाली तू काम करतेस त्याच्याकडेच जा. त्याला ओलांडून व्हाइस प्रेसिडेंटकडे जाऊ नकोस. जाताना दुरुस्त केलेली फाइल वेगळ्या नावाने जतन करून ने आणि तीनच गोष्टी सांग: काय चुकले, दुरुस्तीनंतर कोणता आकडा किती बदलतो आणि त्याच प्रकारची चूक आणखी कुठे असू शकते म्हणून तू काय काय तपासलेस. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, आणि ऐकणाऱ्याला मात्र तीच हवी असते. तू किती थकली होतीस, डेटाबेसमध्ये आपोआप कोणता आकडा आला, हे त्या वेळी बोलू नकोस. ते खरे असले तरी ऐकणाऱ्याला ती सबब वाटते.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून लिहीत नाही. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मी एका तक्त्याच्या डोक्यावर ‘हजारांत’ऐवजी ‘दशलक्षांत’ असे छापले होते. बैठकीच्या आदल्या रात्री ते मला दिसले. पण प्रती बांधून झाल्या होत्या, वरिष्ठ घरी गेले होते, आणि एवढ्याशा ओळीकडे कोण बघणार असा मी स्वतःचाच समज करून घेतला. ग्राहकाच्या वित्तप्रमुखांनी पहिल्या पाच मिनिटांत तिथेच बोट ठेवले. चुकीबद्दल मला कोणी फारसे बोलले नाही. मात्र ‘तुला हे आधी माहीत होते का?’ या प्रश्नाला मी खरे उत्तर दिले, आणि त्यानंतर वर्षभर माझे प्रत्येक पान दुसऱ्याकडून तपासून घेतले जात असे.

या धंद्यातल्या चुका बहुधा अशाच साध्या जागी असतात. २०१२ मध्ये जेपी मॉर्गनला लंडनमधल्या सौद्यांत सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. बँकेच्याच चौकशी अहवालात असे नमूद आहे की जोखीम मोजण्याच्या नव्या पद्धतीत आकडे हाताने एका एक्सेल फाइलमधून दुसरीत चिकटवले जात होते आणि एका सूत्रात दोन दरांच्या सरासरीने भागायच्या ऐवजी बेरजेने भागले गेले होते. बेरीज सरासरीच्या दुप्पट असते, म्हणून चढउतार निम्मे दिसले आणि जोखीम प्रत्यक्षाहून कमी वाटली. सगळा तोटा त्या एका सूत्राने झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल, परंतु ते सूत्र कोणीतरी लिहिले होते आणि कोणीतरी न तपासता पुढे पाठवले होते. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाल्यावर बार्कलेज या ब्रिटिश बँकेने तिचा व्यवसाय घेतला, तेव्हाही एका वकिली फर्ममधल्या कनिष्ठाने मध्यरात्रीच्या घाईत घ्यायच्या करारांची एक्सेलमधली यादी पीडीएफमध्ये बदलली. लपवलेल्या ओळी उघड झाल्या आणि नको असलेले १७९ करार यादीत शिरले. म्हणून फाइल पुढे देण्यापूर्वी लपवलेल्या ओळी उघडून पाहा. हाताने भरलेले आकडे निळ्या आणि सूत्रे काळ्या रंगात ठेवण्याची जी पद्धत तुला शिकवली असेल, ती नटवेपणासाठी नाही.

आता तासांविषयी. २०१३ मध्ये लंडनमध्ये एका बँकेच्या उन्हाळी इंटर्नचा मृत्यू झाला आणि या व्यवसायातल्या कामाच्या तासांवर जगभर चर्चा झाली. २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्सने उन्हाळी इंटर्ननी मध्यरात्र ते सकाळी सात या वेळेत कार्यालयात थांबू नये, असा नियम केला. तो नियम किती तोकडा आहे हे त्याच्याकडे पाहूनच कळते. सकाळी सात ते मध्यरात्र म्हणजे सतरा तास होतात! तेव्हा तुझी तक्रार खोटी नाही आणि चक्कर येईपर्यंत बसण्यात मला कसलाही पराक्रम दिसत नाही. तब्येत बिघडू लागली तर मनुष्यबळ विभागाला स्पष्ट सांग. मात्र तुझ्या रात्रींतला बराच वेळ कामात नव्हे, वाट पाहण्यात जात असावा. वरिष्ठ दिवसभर ग्राहकांकडे असतात, परतताना पाने चाळतात आणि लाल शाईच्या दुरुस्त्या संध्याकाळी तुझ्या टेबलावर येतात. म्हणून दुपारी चारलाच विचारत जा की आज पाने कधी पाहिली जातील. अर्ध्या वेळा उत्तर ‘उद्या’ असे येते आणि तू रात्री घरी जाऊन झोपू शकतेस. न वाचलेल्या पानांचे दुःख करू नकोस. तयार केलेल्या प्रस्तावांपैकी बहुतेक व्यवहारापर्यंत पोहोचतच नाहीत, हे तुझ्या वरिष्ठांनाही ठाऊक असते.

एक गोष्ट मात्र मला कर्जाच्या आकड्याहून गंभीर वाटली. तू व्यवहारातल्या कंपनीचे नाव लिहिले नाहीस, पण तिचा उद्योग, मुख्यालयाचे शहर आणि ‘शेअर बाजारात अजून कोणाला माहीत नाही’ हे शब्द लिहिलेस. एवढ्यावरून कोणालाही पाच मिनिटांत नाव काढता येईल; मी तसा प्रयत्न केलेला नाही. प्रकल्पांना सांकेतिक नावे देतात, लिफ्टमध्ये त्यांविषयी बोलू देत नाहीत, ते याचसाठी. अशा माहितीवर शेअर घेणे जसा गुन्हा आहे, तसेच ती बाहेर पुरवणेही अनेक देशांत गुन्ह्यात मोडू शकते, मग पुरवणाऱ्याने स्वतः एक पैसाही कमावलेला नसो. तू मन मोकळे केलेस हे मला कळते, पण कायद्यात मन मोकळे करण्याला सवलत नाही. बँकेत कायदे-नियम पाळले जातात ना हे पाहणाऱ्या अनुपालन विभागाकडे स्वतः जा आणि असे पत्र लिहिले गेले हे सांग. माझे नाव अवश्य दे, त्यांनी विचारल्यास मी उत्तर देईन. तुझे पत्र त्यांच्या सूचनेपर्यंत मी कोणाला दाखवणार नाही आणि नष्टही करणार नाही.

पुढच्या पत्रात व्यवहाराविषयी एक अक्षर नको. कर्जाची गोष्ट सांगितल्यावर तुझा ॲनालिस्ट काय म्हणाला, तेवढे मात्र कळव.

तुझा हितचिंतक