बेळगावहून अंदमानला जाऊन स्कूबाचा (टाकीतली हवा घेत समुद्रात बुडी मारण्याचा) ओपन वॉटर हा पहिल्या पातळीचा कोर्स करायचा आहे, सहा दिवस पुरतील का?

नाही, किमान आठ धरा. बंगळूर किंवा चेन्नईमार्गे श्री विजयपुरम (पोर्ट ब्लेअर), तिथून बोटीने स्वराज द्वीप (हॅवलॉक), यात दोन दिवस जातात. कोर्सला तीन-चार.

शेवटचा दिवस कोरडा, म्हणजे बिनडाइव्हचा ठेवाच. अनेक डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबावं लागतं. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे धरतो. सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत काहीही होऊ शकतं. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढून येणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. हे फार जण विसरतात.

कोर्ससाठी २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं जमायला हवं. २५ मीटरच्या टँकमध्ये न थांबता आठ फेऱ्या; सराव इथेच करून जा. दमा किंवा कानाचा त्रास असेल तर डॉक्टरांचा दाखला आधी घ्या. सर्दी झाली तर डाइव्ह रद्द करा, कानातला दाब सुटत नाही आणि पडदा फाटू शकतो.

जानेवारी ते एप्रिल उत्तम. पावसाळ्यात बोटी रद्द होतात.