पॉलिमर नोट घेताना

भाऊ, आजच्या धाटणीची पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकची, नोट ऑस्ट्रेलियाने 1988 मध्ये काढली. पण संग्रहासाठी आत्ताच तिच्यामागे धावू नको. आधी नेपाळची 2002 ची 10 रुपयांची घे, हात बसेल.

आधी पारदर्शक खिडकी पाहा. तिथं पांढरा थर दिलेलाच नसतो, प्लास्टिक मात्र सलग असतं. नख फिरव, चिकटवलेल्या तुकड्याची कड लागली, तर नोट परत दे. ‘फाटत नाही’ म्हणून ओढून दाखवणाऱ्यापासून दूरच राहा! कडेला बारीक चीर असली की ती सरसर पुढे जाते. घडीवर शाई उडते, म्हणून दुमडलेलीला भाव कमी सांग.

इस्त्री तर मुळीच फिरवू नको, आखडते. जाड पुस्तकाखाली ठेव.